डाव्या बाजूला जागा नाही

"डाव्या बाजूला जागा नाही," दातांच्या मॅडम म्हणाल्या आणि मी मान डोलावली.

मोठ्या माणसाने काही सांगितलं की मी आधी मान डोलावते, समजतं मागाहून. तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला आमचा पाडा आहे. घरात भात आणि नागली पिकते. त्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. डहाणूला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढे बी.एड. करून शिक्षिका व्हायचं ठरवलंय. हे वाक्य मी अजूनही हळू आवाजात बोलते. मोठ्याने बोललं तर कोणीतरी हसेल असं वाटतं. त्या दिवशीही खुर्चीत आडवी पडून, तोंडावर दिव्याचा झोत घेऊन, मी मान डोलावली. मग त्या काय म्हणाल्या ते आत उतरलं.

जागा कशाला हवी होती ते आधी सांगते.

माझे वरचे दात पुढे होते. थोडेथोडके नाही, ओठ मिटत नसत इतके. शाळेत मला खवणी म्हणायचे. एकदा एका मुलाने खरोखरच नारळाची कवड आणून माझ्यासमोर धरली आणि म्हणाला, "एवढं खवून दे, आईने सांगितलंय." सगळा वर्ग हसला. मीही हसले, कारण आपण हसलो नाही तर जास्त चिडवतात. तेव्हापासून हसताना तोंडावर हात यायला लागला. नंतर कळलं की हनुवटी खाली ठेवली तर वरचा ओठ ओढून दातांवर आणता येतो. मग हनुवटी खालीच राहिली.

कॉलेजात वर्गासमोर उभं राहून एक विषय मांडायचा होता. मी मांडला. सर म्हणाले, "तयारी चांगली आहे. पण तो हात काढ गं तोंडावरचा. शिकवायचंय ना तुला? मुलांना फळा दिसायला पाहिजे तसं बाईंचं तोंडपण दिसायला पाहिजे." ते वाईट हेतूने बोलले नाहीत. मी त्याच आठवड्यात डहाणूच्या दातांच्या दवाखान्यात गेले.

घरी सांगितलं तेव्हा बाबांनी विचारलं, "खाताना त्रास होतो?"

"नाही."

"दुखतात?"

"नाही."

"मग?"

मला नीट सांगता आलं नाही. "मला शिकवायचंय," एवढंच म्हणाले. बाबा अंगणाकडे बघत म्हणाले, "बरं."

शेजारच्या घरात काकी राहते. आमच्या दोन घरांमध्ये एक कूड आहे आणि त्या कुडातून सगळं ऐकू जातं. ती तिकडूनच ओरडली, "दात मागे गेले की नवरा पुढे येणार काय गे?" आणि स्वतःच हसत सुटली.

मॅडमनी दोन्हीकडच्या सुळ्यांमागचा एकेक दात काढायला लावला. तिथे जी मोकळी जागा होईल तिच्यात पुढचे दात मागे ओढायचे, असं काम होतं. दोन्ही दात धडधाकट होते. ते कागदात गुंडाळून घरी आणले तेव्हा काकीने उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिले. "किडका असता तर समजलं असतं. चांगल्या बैलाचे दात पाडून त्याला बाजारात नेतात काय?" या वेळी ती हसली नाही.

मॅडम समजावून सांगायच्या. त्या म्हणाल्या, "शाळेत रस्सीखेच खेळलीस ना? समोरच्यांना ओढताना आपणच पुढे सरकतो. तसं पुढचे दात ओढायला मागच्या दाढांचा आधार घेतला तर दाढा पुढे सरकतात, आणि काढलेल्या दाताची जागा दाढाच खाऊन टाकतात. पुढचे दात राहतात तिथेच. म्हणून दोरी झाडाला बांधायची. दाढ आणि तिच्या पुढचा दात, या दोघांच्या मुळांच्या मधल्या हाडात मी एक बारीकसा स्क्रू बसवणार. तो आपलं झाड. काम झालं की काढून टाकू." मग त्यांनी तो दाखवला. पेन्सिलीच्या टोकाएवढा. "फक्त तो मुळाला लागता कामा नये. म्हणून आधी एक्स-रे."

तो एक्स-रे मी आधीच काढून आणला होता. मोठा, सगळे दात एका पट्टीत दिसतात तो. मॅडमनी तो संगणकावर लावला. उजवीकडे दोन मुळांच्या मधे छान मोकळी पट्टी दिसत होती. डावीकडे मुळं एकावर एक चढलेली, बोटांत बोटं अडकवावीत तशी.

"डाव्या बाजूला जागा नाही," त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. "उजवीकडे स्क्रू लावू. डावीकडे तसंच ओढू. थोडं कमी मागे जाईल, पुढच्या दोन दातांमधली रेघ जराशी सरकेल. पण आधीपेक्षा पुष्कळ बरं दिसेल. चालून जाईल."

चालून जाईल. हा शब्द मी जन्मापासून ऐकत आलेय. पाड्यावरच्या शाळेत एकच गुरुजी सगळे वर्ग सांभाळायचे, ते चालून गेलं. एस.टी. खालच्या फाट्यावर सोडते आणि म्हातारी माणसं चढ चढून घरी येतात, तेही चालून जातं. आम्हाला दिलेलं प्रत्येक गोष्टीचं अर्धंच असतं, आणि अर्ध्यावर आम्ही मान डोलावतो म्हणून पुढच्या वेळीही अर्धंच येतं. मॅडमच्या मनात यातलं काही नव्हतं हे मला ठाऊक आहे. त्या दमलेल्या होत्या, बाहेर बाकड्यावर माणसं खोळंबली होती. तरीही तो शब्द कानात शिरला आणि माझी मान डोलायची थांबली.

"नाही," मी म्हणाले. तोंडात कापूस होता, त्यामुळे ते नीट उमटलं नाही.

"काय?"

मी कापूस बाहेर काढला. "नाही मॅडम. चालून नाही जाणार. माझे दोन चांगले दात काढलेत. ते अर्ध्यासाठी नव्हते काढले."

माझाच आवाज आहे हे मला पटत नव्हतं. आई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती, ती ताडकन उठली. "मॅडम, मनावर घेऊ नका. लहान आहे ती. कॉलेजात गेल्यापासून तोंड सुटलंय."

मॅडम संगणकाकडे वळल्या आणि बघत राहिल्या. मला वाटलं, आता हाकलणार. मग त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "ही डावी दाढ उजवीपेक्षा बारीक कशी?" फळीवरून माझ्या दातांचा पांढरा साचा काढून त्यांनी दोन्ही दाढांवर पट्टी धरली. साच्यात दोन्ही सारख्या होत्या.

"एक्स-रेच्या मशीनमध्ये कशी उभी होतीस? उभी राहून दाखव."

मी खुर्चीतून उतरले आणि जशी उभी होते तशी उभी राहिले. मशीन नसताना ते फारच विचित्र दिसलं असावं. हनुवटी छातीकडे. वरचा ओठ खाली ओढलेला. तोंड जरासं डावीकडे वळलेलं, कारण त्या दिवशी आई डावीकडे दाराशी उभी होती आणि मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिला धरून ठेवलं होतं.

"अशी?"

"हो."

"अशी का पण?"

मला खरंच माहीत नव्हतं. उत्तर आईने दिलं. अगदी साधेपणाने, दुकानात मिठाचा भाव सांगावा तसं. "साहेबलोकांसमोर आम्ही असंच उभं राहतो, मॅडम."

मग मॅडमनी पेन घेतलं आणि कागदावर घोड्याच्या नालासारखी एक कमान काढली. "मशीन डोक्याभोवती फिरतं आणि या कमानीत जे असेल तेच नीट दाखवतं. डोकं वळलं की एक बाजू फुगते, दुसरी आवळते. मान खाली गेली की मुळं एकमेकांवर चढलेली दिसतात. तसाही हा एक्स-रे सगळ्या तोंडावर एक नजर टाकायला असतो. दोन मुळांमधलं अंतर ठरवायला त्याच्यावर विसंबू नये. मीही घाईच केली." मग त्या म्हणाल्या, "डाव्या बाजूचा थ्रीडी स्कॅन काढ. त्यातही जागा नसली तर ऐकशील?"

"मान सरळ ठेवून काढलेल्यात नसली तर ऐकेन," मी म्हणाले. आईने मागून माझ्या दंडाला चिमटा काढला.

परतीच्या जीपमध्ये आई माझ्याशी बोलली नाही. विवळवेढ्याला देवीचं देऊळ दिसलं तसे जीपमधल्या सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. देवीपुढे मान खाली घालायला माझी कधीच ना नाही. आईचे डोळे बराच वेळ मिटलेले होते.

"काय मागितलंस?" मी विचारलं.

"जागा," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

सोपं वाटलं होतं, मान तर सरळ ठेवायचीय. पण ठेवून बघितली तर लक्षात आलं, सरळ म्हणजे कुठे हेच मला कळत नाही. मी सरळ समजत होते ती खालीच होती. मुद्दाम वर केली की आकाशाकडे जायची आणि दात उघडे पडायचे, की लगेच ओठ खाली, ओठामागून हनुवटी खाली. घराच्या खांबाला पाठ आणि डोकं टेकवून मी उभी राहायला लागले.

काकीने बघितलंच. "उभ्याने झोपतेस काय गे?"

"मान सरळ ठेवायची सवय करतेय. मशीनसाठी."

"अगोबाई, पोलिसात चालली वाटतं!" ती विहिरीवर निघाली होती. डोक्यावर चुंबळ, हातात रिकामा हंडा. "मान सरळ ठेवायला शिकावं लागतं होय? मग भरलेला हंडा घेऊन जा की मशीनमध्ये!"

टोमणा मारून ती चालायला लागली. मी मात्र तिच्याकडे बघतच राहिले. ती परत आली तेव्हा भरलेला हंडा डोक्यावर होता, हात मोकळे होते, चढ होता आणि तिची मान जराही हलत नव्हती. माझी आईही अशीच येते. मीही सुट्टीत अशीच येते. आमच्यातली एकही बाई हंड्याखाली मान खाली घालत नाही. घातली तर पाणी जातं. म्हणजे मान सरळ ठेवायला आम्हाला येत होतं. ती कोणासमोर सरळ ठेवायची नाही, एवढंच आम्हाला वेगळं शिकवलेलं होतं. याचा मला इतका राग आला की खांबाशी उभं राहणं मी सोडून दिलं आणि हंडा घेऊन काकीच्या मागोमाग विहिरीवर गेले.

एक्स-रे सेंटरमध्ये या वेळी मी एकटी गेले. तिथले काका गुजराती मिसळून मराठी बोलतात आणि सगळ्या बायकांना बेन म्हणतात.

"परत आलीस, बेन? पहिला फोटो तर मस्त आलेला ने."

"मान तिरकी होती माझी."

"अरे, सगळेच तसे उभे राहतात. मी सरळ करतो, भिंतीच्या मागे जातो, तेवढ्यात परत वाकडे. किती वेळा सांगायचं?"

"आज नाही होणार."

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं. जड अॅप्रन अंगावर चढवला, हनुवटी टेकवायला लावली, कपाळाला पट्टा लावला. "आता दात. ओठ बाजूला कर. या खाचेत धर. पूर्ण दात दाखव, लाजू नको."

अनोळखी माणसासमोर, झगझगीत उजेडात, मी ओठ मागे घेतले. सगळे दात बाहेर. हात तोंडाकडे यायला निघाला होता. मी मशीनच्या दांड्या घट्ट पकडल्या. काका भिंतीमागे गेले. मी डोळे मिटले आणि डोक्यावर हंडा घेतला. काठोकाठ भरलेला. पाण्याचं वजन मानेतून पाठीत उतरलं, पाठीतून टाचांत. मशीन घरघरत माझ्याभोवती फिरायला लागलं. पाणी हललं नाही.

"अरे वा," बाहेर येत काका म्हणाले. "आ बेन तर पुतळ्यासारखी उभी राहिली!"

मॅडमनी स्कॅन उघडला. मीच कबूल केलं होतं, यात नसली तर ऐकेन. काकडीच्या चकत्या करत जावं तसा त्यांनी माझा जबडा खालून वर, चकती चकती करून बघायला घेतला. मुळं आता लांबट दिसत नव्हती, करड्या गोल ठिपक्यांसारखी दिसत होती, आणि त्यांच्या मधे हाड. हिरडीच्या काठाशी ठिपके जवळजवळ चिकटलेले होते. मॅडम वर सरकल्या. ठिपके हळूहळू लहान व्हायला लागले, त्यांच्यामधली फट रुंद व्हायला लागली. आणखी वर गेल्या तर काळी पोकळी आली.

"ही नाकाच्या बाजूची पोकळी. इथवर जायचं नाही. आणि एवढ्या वर हिरडीपण सैल असते, गालाबरोबर हलते, स्क्रूला बसू देत नाही." त्या पुन्हा थोड्या खाली आल्या. थांबल्या. दोन ठिपक्यांच्या मधे त्यांनी रेघ ओढली, मग दुसऱ्या बाजूने जबडा उभा चिरून तीच जागा पुन्हा मोजली.

"आहे," त्या म्हणाल्या. "ऐसपैस नाही. स्क्रू जरा तिरका घालावा लागेल. पण जागा आहे."

मला तेव्हा काही तरी छान बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "होतीच ना."

मॅडम हसल्या. "हो बाई, होतीच."

स्क्रू बसवायच्या दिवशी आई पुन्हा कोपऱ्यातल्या स्टुलावर होती. मॅडमनी फक्त हिरडी बधिर केली. "मुद्दाम थोडीच भूल देतेय. हाडाला कळत नाही, पण मुळाच्या जवळ गेले तर तुला कळेल. स्कॅनने मला जागा दाखवलीय, आत काय होतंय ते तू सांगायचंस. दुखलं की हात वर. सहन करत बसायचं नाही. समजलं?"

समजलं, पण सवय नव्हती. आमच्या घरात काटा रुतला तरी घरी येईपर्यंत सांगत नाहीत. स्क्रू फिरायला लागला. नुसता दाब, जबड्यात खुंटी पिळावी तसा. मग एकदम आत खोलवर एक थंड कळ उठली. आधीची मी असते तर मूठ आवळून पडून राहिले असते. माझा हात वर गेला.

मॅडम तिथेच थांबल्या. स्क्रू मागे फिरवला, पडद्याकडे बघितलं, कोन बदलला. "आता?"

दाब होता. कळ नव्हती. मी हात खाली ठेवला.

शेवटी त्यांनी तिथला एक छोटा एक्स-रे काढून दाखवला. दोन करड्या मुळांच्या मधे एक पांढराशुभ्र स्क्रू, जरा तिरका, कोणालाही न लागता. आई पडद्याच्या अगदी जवळ गेली. तिने बोट लावलं नाही, नुसतं जवळ नेलं. "एवढीशी जागा," ती म्हणाली.

घरी काकीने बॅटरी आणून माझ्या तोंडात बघितलं. "खिळाच की गे! गंजायचा नाही?"

"नाही. वेगळा धातू असतो."

"आणि भाकर?"

"खाता येते. ब्रश जपून करायचा."

ती रोज बघायची. स्क्रू सैल झाला तर पुन्हा सगळं पहिल्यापासून, असं मॅडमनी सांगितलं होतं, त्यामुळे मीही रोज जिभेने त्याला हळूच विचारायचे. तो हलला नाही. दोन्हीकडच्या फटी सारख्याच आवळत आल्या. काम अजून पुरतं झालेलं नाही, तार आहे, स्क्रू आहेत. पण एके दिवशी पुस्तक वाचताना माझ्या लक्षात आलं की ओठ मिटलेले आहेत आणि मी ते ओढून धरलेले नाहीत.

काकीला दाखवलं. तिने सगळीकडून बघून घेतलं. "तोंड मिटायला लागलं ते बरं झालं," ती म्हणाली. "पण आता पोरीला गप कोण करणार?"

परवा बी.एड.च्या प्रवेशासाठी दाखला काढायला मी आणि आई तलासरीच्या कचेरीत गेलो होतो. खिडकीशी साहेब कोणाशी तरी फोनवर बोलत होते. आई माझ्या शेजारी उभी होती. हनुवटी छातीकडे, तोंड जरासं माझ्याकडे वळलेलं. मी तिच्याकडे बघितलं आणि मला मशीनमधली मी दिसले.

"आई," मी हळूच म्हणाले. "हंडा."

तिने आधी डोळे वटारले. मग पदर तोंडाला लावून हसली. मग पदर खाली सोडला, पाठ ताणली, आणि तिची मान सावकाश वर आली, विहिरीवरून येते तशी.

साहेबांनी फोन ठेवला. "पुढे कोण आहे?"

"आम्ही आहोत," आई म्हणाली.